अंटार्क्टिकाची बोट ठरवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अंटार्क्टिका द्वीपकल्पाच्या सफरींबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांनी केबिन, कपडे आणि थंडीबद्दल विचारलं आहे. बोटीवर माणसं किती, हा मुद्दा एकाच पत्रात आला. आमच्या मते पैसे भरण्याआधी तोच सगळ्यात आधी विचारायला हवा, म्हणून सुरुवात त्या पत्रापासून.

प्रश्न : दोन सफरींची माहितीपत्रकं समोर आहेत. एका बोटीवर १९० प्रवासी, दुसरीवर ४५०. दिवस तेवढेच, नकाशावरची ठिकाणंही जवळपास तीच. मोठी बोट स्वस्त आहे आणि केबिन ऐसपैस आहे. मग लहान बोटीला जास्त पैसे का मोजायचे?

किनाऱ्यावर मिळणाऱ्या तासांसाठी. अंटार्क्टिकात सफरी चालवणाऱ्या कंपन्यांची ‘आयाटो’ ही संघटना १९९१ साली सात कंपन्यांनी मिळून सुरू केली. तिच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरू शकतात आणि दर वीस जणांमागे निदान एक मार्गदर्शक लागतो. एका वेळी एकाच बोटीचे लोक तिथे असतात. काही नाजूक जागांवर ही मर्यादा शंभराहूनही कमी आहे. ज्या बोटीवर पाचशेहून जास्त प्रवासी आहेत तिला कुणालाच उतरवता येत नाही. ती फक्त खाड्यांतून फिरवून आणते.

आता हिशेब बघा. सकाळची फेरी साधारण साडेतीन तासांची असते, दुपारची तेवढीच. बोटीवर शंभर जण असतील तर सगळे एकदम उतरतात. दोनशेच्या आत असतील तर अर्धे किनाऱ्यावर, अर्धे झोडियॅकमधून, म्हणजे हवेने फुगवलेल्या मजबूत रबरी बोटीतून, हिमनगांच्या आसपास, मग अदलाबदल. कुणाचाच वेळ वाया जात नाही. साडेचारशे झाले की शंभर जमिनीवर, फार तर शंभर पाण्यात आणि बाकीचे अडीचशे खिडकीतून बघत बसतात. दिवसाकाठी एकदाच उतरायला मिळणं आणि तेही तासाभरासाठी, हे अशा बोटींवर सर्रास घडतं. त्यामुळे भाड्याला दिवसांनी भागू नका, उतरण्याच्या अपेक्षित तासांनी भागा. मोठ्या बोटीची स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते.

मोठ्या बोटीच्या बाजूनेही एक गोष्ट आहे: खवळलेल्या समुद्रात ती कमी हलते. प्रकृतीच्या कारणाने ज्यांना झोडियॅकमध्ये बसायचंच नाही त्यांच्यासाठी ती सोयीची आहे. बाकीच्यांनी कंपनीला लेखी विचारावं : या फेरीला प्रवासी जास्तीत जास्त किती, मोहीम-पथकात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या मार्गदर्शकांत, माणसं किती, झोडियॅक किती. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघावी.

प्रश्न : नोव्हेंबर, जानेवारी की मार्च? प्रत्येक जण वेगळाच महिना सांगतो.

कारण प्रत्येक महिन्यात वेगळंच काही बघायला मिळतं. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ आणि अखंड असतो, पेंग्विन जोड्या जमवून दगडगोट्यांची घरटी रचत असतात, अंडी घालत असतात. पण दक्षिणेकडच्या काही जागा अजून समुद्री बर्फाने अडलेल्या असतात. जेंटू पेंग्विन अंडी साधारण पाच आठवडे उबवतात, त्यामुळे पिल्लं दिसायला लागतात ती डिसेंबरच्या उत्तरार्धापासून. जानेवारीत पिल्लं, त्यांना भरवणारे आईबाप आणि अंडी-पिल्लं पळवायला टपलेले स्कुआ पक्षी अशी सगळी वर्दळ एकाच जागी सापडते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीही पुरता अंधार होत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे. क्रिल या कोळंबीसारख्या इवल्या जिवांवर ताव मारायला आलेले हंपबॅक तोवर खाड्यांत मोठ्या संख्येने जमलेले असतात. समुद्री बर्फ मागे हटल्यामुळे आणखी दक्षिणेला जाता येतं. मात्र वसाहतींतला बर्फ चिखल आणि विष्ठेने गुलाबी-तपकिरी झालेला असतो, आणि मार्च सरताना पेंग्विन वसाहती सोडायला लागतात.

एकदाच जाणं होणार असेल तर डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा शेवट निवडावा असं आम्ही म्हणू. देवमाशांची ओढ असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध. नोव्हेंबरचं भाडं थोडं कमी असतं, आणि बर्फाचं रूप बघायचं असेल तर तो महिना मुळीच कमी प्रतीचा नाही.

प्रश्न : मला तासाभराच्या बोटप्रवासातही बोट लागते. ड्रेक पॅसेज झेपेल का? औषध कधी घ्यायचं, कुठली केबिन घ्यायची?

बोट लागते म्हणून सफर रद्द करायची गरज नाही, पण तयारी आधीपासून करावी लागेल.

ड्रेक पॅसेज म्हणजे दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र. अलीकडच्या केप हॉर्नपासून पलीकडच्या साउथ शेटलंड बेटांपर्यंत हे अंतर साधारण ८०० किलोमीटर आहे. या अक्षांशपट्ट्यात समुद्राला आडवी येणारी जमीन पृथ्वीवर कुठेही नाही. वारा आणि अंटार्क्टिकाभोवती फिरणारा सागरी प्रवाह, दोघेही पूर्वेकडे वाहत पृथ्वीला अखंड फेरी घालतात आणि या चिंचोळ्या वाटेतून घुसतात. लाटा मोठ्या होतात त्या यामुळे. ओलांडायला दीड ते दोन दिवस लागतात, परतताना पुन्हा तेवढेच. कधी दोन-तीन मीटरच्या लाटा असतात आणि लोक डेकवर अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी बघत उभे असतात. कधी आठ-दहा मीटरच्या असतात आणि जेवणघर निम्मं रिकामं असतं. तुमच्या वाट्याला काय येईल हे बुकिंग करताना कुणीच सांगू शकत नाही. पलीकडे द्वीपकल्पाच्या आडोशाला पोहोचल्यावर मात्र पाणी बहुतेक शांत असतं, आणि सफरीचे महत्त्वाचे दिवस तिथेच जातात.

केबिनबद्दल : खालच्या मजल्यावर, बोटीच्या लांबीच्या मधोमध. बोट पुढे-मागे झुलते तेव्हा मध्यभाग सगळ्यात कमी वरखाली होतो, आणि डावीकडे-उजवीकडे कलते तेव्हा जितकं उंच जावं तितका हेलकावा मोठा. म्हणजे वरच्या डेकवरच्या पुढच्या टोकाच्या महागड्या बाल्कनी-केबिनी सगळ्यात जास्त हलतात आणि गोल खिडकीवाल्या स्वस्त केबिनी सगळ्यात कमी. जोराच्या वादळात या गोल खिडक्यांवर लोखंडी झाकण लावतात. तेव्हा बाहेरचं दिसत नाही, तेवढं चालवून घ्यावं.

औषधाबाबत सगळ्यात जास्त चूक होते ती वेळेची. बोट अर्जेंटिनातल्या उशुआया बंदराहून साधारणपणे संध्याकाळी सुटते आणि पहिले काही तास बीगल चॅनेलच्या संथ पाण्यातून जाते. लोकांना वाटतं, आपल्याला तर काहीच होत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास उघडा समुद्र लागतो आणि मग गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझिनसारखी गोळी चॅनेलमध्ये असतानाच घ्यावी. स्कोपोलामाइनची पट्टी कानामागे लावायची असते, ती निदान चार तास आधी. एक पट्टी तीन दिवस चालते. लावल्यावर हात साबणाने धुवा, कारण बोटाला लागलेलं औषध डोळ्यात गेलं तर बाहुली विस्फारते आणि दिवसभर धूसर दिसतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ही पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. वयस्कर माणसांना तिने भ्रम झाल्याचंही आढळतं. पट्टी आणि गोळी दोन्ही एकदम घेऊ नका. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच औषध घेऊन बघा, म्हणजे किती झोप येते ते कळेल. एवढं करूनही उलट्या थांबल्या नाहीत तर बोटीवरच्या डॉक्टरकडे इंजेक्शन असतं. लाजून केबिनमध्ये पडून राहू नये. शरीरातलं पाणी कमी झालं की पुढचे दोन दिवसही हातचे जातात.

पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, पाव, आंबट सफरचंद चालतं. वाचन, मोबाइल बंद. क्षितिजाकडे बघा, नाहीतर डोळे मिटून आडवे व्हा.

एक गोष्ट बोट न लागणाऱ्यांसाठीही. चालताना एक हात कायम कठड्याला. दाराच्या चौकटीला कधीही धरू नका. बोट कलली की जड दार धाडकन लागतं, आणि ड्रेकमध्ये चिरडलेली बोटं ही डॉक्टरांच्या ओळखीची दुखापत आहे.

प्रश्न : विमानाने थेट अंटार्क्टिकाला उतरून तिथे बोट घेता येते असं कळलं. मग ड्रेकचा त्रास कशाला?

येते. चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटावर दोन तासांचं उड्डाण आहे. तिथली धावपट्टी खडीची आहे आणि उतरायला दृश्यमानता चांगली लागते. धुकं किंवा आडवा वारा असला की विमान निघतच नाही. एखाद-दोन दिवस खोळंबा ही नेहमीची गोष्ट, आणि तो सफरीच्या दिवसांतूनच जातो. सामानाला वजनाची कडक मर्यादा असते. भाडंही जास्त. करारात ‘विमान उडालं नाही तर काय’ हे कलम शोधा: किती दिवस थांबवतील, राहण्याचा खर्च कोण करणार, पैसे किती परत. ज्यांच्याकडे सुट्टी कमी आहे किंवा समुद्राचा त्रास खरोखर गंभीर आहे त्यांनी हा मार्ग घ्यावा. इतरांना आम्ही निदान एका बाजूने तरी ड्रेक सुचवू. अल्बाट्रॉस, पेट्रेल, पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी घसरल्यावर अचानक दाटणारं धुकं, आणि मग पहिला हिमनग, हे सगळं विमानातून जाणाऱ्याला मिळत नाही.

प्रश्न : थंडीसाठी नेमके कपडे कोणते? कुणी उणे तीसचे जॅकेट सांगतात.

उणे तीस हे खंडाच्या आतल्या भागाचं. द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात तापमान बहुतेक उणे पाच ते अधिक पाचच्या दरम्यान असतं. थंडीपेक्षा वारा आणि ओल जास्त छळतात, म्हणून जाडीपेक्षा थर महत्त्वाचे. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर. सुती अजिबात नको, कारण घाम धरून ठेवतं आणि अंग गार पडतं. त्यावर फ्लीस. बाहेरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट. बऱ्याच कंपन्या ते देतात, काही कायमचं. आधी विचारा आणि दुसरं विकत घेऊ नका.

पैसे खर्च करायचे ते वरच्या पँटवर. ती पूर्ण जलरोधक हवी. ‘पाणी झटकणारी’ म्हणून विकली जाते ती पुरत नाही. झोडियॅकच्या ओल्या फुगीर कडेवर तुम्ही बसणार आहात, आणि स्कीची साधी पँट अर्ध्या तासात बुडाशी भिजते. ही पँट बुटांच्या बाहेरून ठेवायची, आत खोचायची नाही. खोचली की शिंतोड्यांचं पाणी थेट बुटात.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बोटीवर उसने मिळतात. पहिल्याच दिवशी तुमच्या जाड मोज्यांसकट घालून बघा आणि बोटं आत हलतात याची खात्री करा. पाय गारठण्याचं कारण बरेचदा पातळ मोजे हे नसून घट्ट बूट असतात. दोन-दोन मोजे कोंबले की रक्तप्रवाह अडतो. हातमोजे मात्र दोन जोड हवेत : आत पातळ, वर जलरोधक. भिजलेले वाळेपर्यंत दुसरा संच लागतो, म्हणून एकूण दोन संच. बाकी टोपी, गळापट्टी, बाजूंनी बंद असलेला गॉगल आणि एसपीएफ ५० चं सनस्क्रीन. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही भाजतं.

प्रश्न : वय ६८, एक गुडघा दुखरा. झोडियॅकमध्ये चढ-उतार जमेल का? ‘ओलं उतरणं’ म्हणजे काय?

कठड्याला धरून दोन मजले जिना चढ-उतार करता येत असेल आणि आधार घेऊन गुडघाभर उंचीच्या पायरीवर पाय टाकता येत असेल, तर बहुधा जमेल. पण नेमकी क्रिया समजून घ्या, म्हणजे घरी सराव करता येईल.

बोटीच्या बाजूच्या जिन्यावरून तुम्ही खाली येता. खाली झोडियॅक लाटेबरोबर वरखाली होत असते, कधी अर्धा मीटर, कधी त्याहून जास्त. दोन्ही हात रिकामे हवेत. कॅमेरा गळ्यात लोंबकळता नको, पाठीवरच्या पिशवीत हवा. खलाशी हात पुढे करेल. पंजात पंजा द्यायचा नाही. एकमेकांचं मनगटाच्या वरचं पकडायचं. हातमोजे ओले असले तरी ही पकड सुटत नाही. तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय टाका : आधी फुगीर कडेवर, मग आतल्या पायरीवर, मग तळाला. लगेच बसा आणि बसल्या बसल्याच सरका. एका झोडियॅकमध्ये साधारण दहा जण असतात. एका वेळी एकानेच उभं राहायचं, तेही चालकाला सांगून.

धक्का असेल किंवा खडकाची सोयीची कड असेल तर पाय कोरडा ठेवून उतरता येतं. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. झोडियॅकचं नाक किनाऱ्याला टेकवतात, दोन मार्गदर्शक पाण्यात उभे राहून ती धरतात, आणि तुम्ही घोट्यापासून पिंढरीपर्यंतच्या पाण्यात उतरता. हेच ओलं उतरणं. कडेवर बसून पुढे सरकायचं, पाय मागच्या म्हणजे चालकाच्या बाजूने वळवून बाहेर काढायचे, लाट ओसरेपर्यंत थांबायचं आणि मार्गदर्शकाचा हात धरून उभं राहायचं. उडी मारू नका. पाण्याखालचे गोटे शेवाळलेले असतात आणि गुडघे नेमके तिथेच मुरगळतात.

मोहीम-प्रमुखांना पहिल्याच दिवशी गुडघ्याबद्दल सांगा. ते तुम्हाला पुढच्या भागात बसवतील, लाट जास्त असलेल्या जागी आधीच सावध करतील. किनाऱ्यावर चढ चढायलाच हवा असं नसतं. वसाहती बरेचदा पाण्यापासून थोड्याच अंतरावर असतात. काठ्या बोटीवर मिळतात. एखादी फेरी नकोशी वाटली तर झोडियॅकमधूनच फिरवून आणण्याची विनंती करा.

बोट सोडताना आणि परतताना ओळखपत्र स्कॅन करणं किंवा फळ्यावरचा आपला बिल्ला उलटवणं विसरू नका. माणूस मागे राहिला का, हे त्यावरूनच कळतं, आणि एक बिल्ला चुकला तर सगळी बोट शोधत बसते.

प्रश्न : बोटीवर आपल्या बॅगा आणि जॅकेटचे खिसे व्हॅक्यूमने साफ करून घेतात म्हणे. नवे कपडे नेले तरी?

नवे असले तर काम लवकर आटोपतं, पण तपासणी होतेच. वेल्क्रो, खिशाचे कोपरे, कॅमेऱ्याच्या पिशवीची शिवण, काठीचं टोक, ट्रायपॉडचे पाय, बुटाच्या तळव्याच्या खाचा, एवढ्या ठिकाणी गवताचं बी आणि माती अडकते. चिमटा आणि ब्रश घेऊन बसावं लागतं. शेवटी तुमची सही घेतात. त्यानंतर प्रत्येक वेळी उतरण्याआधी आणि परतल्यावर जंतुनाशकाच्या पाण्यातून बूट जातात.

याला ठोस कारण आहे. किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या आर्क्टोव्स्की संशोधन केंद्राजवळ ‘पोआ अॅन्युआ’ हे जगभर आढळणारं साधं गवत १९८०च्या दशकात माणसांबरोबर आलं आणि रुजलं. ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. त्यात २०२३च्या ऑक्टोबरात दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड बेटावर बर्ड फ्लूचा घातक विषाणू सापडला आणि २०२४च्या सुरुवातीला तो द्वीपकल्पावरही पोहोचला. तेव्हापासून किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, पिशवी जमिनीवर ठेवणं बंद आहे. फक्त बुटांचे तळवे टेकायचे, कारण धुता येतात ते तेवढेच. तास-दीड तास उभं राहायची सवय घरूनच करून जा.

खाणं किनाऱ्यावर न्यायचं नाही, आणि स्वच्छतागृह तिथे नाही. उतरण्याआधी जाऊन या.

प्रश्न : पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, पण तोच जवळ आला तर? आणि आठवण म्हणून एखादा गोटा आणला तर काय बिघडतं?

तो आला तर स्तब्ध उभे राहा. कुतूहल संपलं की निघून जातो. पाच मीटर ही कमीत कमी मर्यादा आहे. पिसं झडत असलेल्या किंवा अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला अस्वस्थ वाटलं, मान ताणून तो सारखा तुमच्याकडे बघू लागला, तर आणखी मागे व्हा. पिसं झडण्याच्या काळात पेंग्विनला पाण्यात उतरून भक्ष्य पकडता येत नाही. साठवलेल्या चरबीवर तो काही आठवडे काढतो, आणि तुम्ही त्याला दचकवून पळवलं तर ती चरबी फुकट खर्च होते. फर सीलपासून निदान पंधरा मीटर. ते आळसावलेले दिसतात, पण धावून येतात आणि चावतात.

बर्फात पेंग्विनांनी चालून चालून खोलगट वाटा पाडलेल्या असतात. त्या ओलांडा फक्त मार्गदर्शक दाखवेल तिथे, आणि पक्षी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्या. तुमचा पाय बर्फात खोल रुतला तर पुढे जाण्याआधी तो खड्डा बुटाने बुजवा. गुडघाभर खड्ड्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर येता येत नाही.

गोट्याबद्दल स्पष्टच सांगतो. जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अॅडेली जातींचे पेंग्विन घरटं गोट्यांचंच बांधतात, आणि एकेका गोट्यासाठी शेजाऱ्याकडे चोरी करतात. वितळलेलं पाणी खालून वाहतं तेव्हा अंडं कोरडं राहतं ते त्या थरामुळे. दगड, हाड, पीस, काहीही उचलायचं नाही. १९९१च्या माद्रिद करारनाम्याने अंटार्क्टिकाचं पर्यावरण संरक्षित केलं आहे आणि सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात ते उतरवलं आहे. प्रश्न एका गोट्यापुरता नाही. एका हंगामात तिथे लाखभराच्या आसपास माणसं येतात.

प्रश्न : माहितीपत्रकात लमेअर चॅनेल आणि पोर्ट लॉक्रॉय दोन्ही छापलंय. दोन्ही मिळेल ना?

हमी नाही. लमेअर हा सुमारे अकरा किलोमीटरचा उभ्या कड्यांमधला रस्ता. तो हिमनगांनी अडला की बोट तोंडाशी जाऊन परत फिरते. पोर्ट लॉक्रॉयमध्ये १९४४चा जुना ब्रिटिश तळ, लहानसं संग्रहालय आणि टपाल कार्यालय आहे. तिथे थांबायच्या वेळा आधीच वाटलेल्या असतात. सगळ्या बोटी उतरण्याच्या जागा हंगामाआधी एका सामाईक वेळापत्रकात राखून ठेवतात, आणि वारा पंचवीस-तीस नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ४५-५५ किलोमीटरच्या, पुढे गेला की झोडियॅक उतरवत नाहीत. मग दुसऱ्या जागी जायचं तर ती त्या वेळी मोकळी हवी. कप्तान आणि मोहीम-प्रमुख रोज संध्याकाळी उद्याचा बेत सांगतात आणि सकाळी तो बदलतात. यादीतल्या नावांना धरून बसणाऱ्याची सफर चिडचिडीत जाते.

नेको हार्बरसारख्या जागी मार्गदर्शक ‘पाण्याजवळ थांबू नका, वर या’ म्हणून ओरडताना ऐकाल. समोरच्या हिमनदीचा कडा कोसळला की दोन-तीन मिनिटांत मोठी लाट किनाऱ्यावर चढते. फोटो अर्धवट सोडून वर जा.

प्रश्न : एम्परर पेंग्विन दिसतील का?

नेहमीच्या सफरीत नाहीत, एखादा चुकार दिसला तर नशीब. त्यांची स्नो हिल बेटाजवळची वसाहत वेडेल समुद्राच्या बर्फात आहे आणि तिथे बर्फफोडी बोट नि हेलिकॉप्टर लागतं. किंग पेंग्विन हवे असतील तर साउथ जॉर्जियाची तीन आठवड्यांच्या आसपासची सफर घ्या. सुट्टी आणि पैसे असतील तर आमची पहिली शिफारस तीच राहील.

प्रश्न : जास्तीचे पैसे भरून अंटार्क्टिक वृत्त ओलांडावं का?

वृत्त ६६ अंश ३३ मिनिटं दक्षिण अक्षांशावर आहे. तिथवर जायला-यायला दीड-दोन दिवस अधिक लागतात. एकूण दिवस तेवढेच वाढवलेले असतील तर जरूर जा, दक्षिणेचा बर्फ वेगळा आहे. दिवस तेच ठेवून वृत्त घातलेलं असेल तर ते दिवस किनाऱ्यावरून कापलेले आहेत. पहिल्या सफरीत तो सौदा करू नये.

प्रश्न : कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यायची? ड्रोन चालतो का?

ड्रोन नाही. पर्यटकांनी हौशी ड्रोन उडवायला किनारी भागात आयाटोची मनाई आहे.

बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. ‘संपलेली’ बॅटरी गरम झाल्यावर बरेचदा पुन्हा चालते. खरा धोका बाहेरून आत येताना. गार कॅमेरा उबदार केबिनमध्ये आणला की भिंग आणि आतले भाग दवाने भरतात. बाहेर असतानाच तो घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत टाका, आणि तास-दोन तास पिशवी उघडू नका. बाष्प पिशवीवर जमेल. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या मोहाने पिशवी उघडली जाणार नाही. झोडियॅकमध्ये भिंगं बदलू नका.

फोटोत बर्फ करडा येतो, कारण कॅमेरा पांढऱ्याला करडं समजून प्रकाश कमी करतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉपने वाढवा. १०० ते ४०० मिलिमीटरचं एक भिंग आणि एक रुंद कोनाचं (वाइड-अँगल) भिंग पुरेसं आहे.

प्रश्न : विमा आणि कागदपत्रांत कुठे चूक होते?

अंटार्क्टिकाचा व्हिसा नसतो. बोटीची परवानगी कंपनी आपल्या देशाकडून काढते. तुम्हाला लागतो तो जिथून बोट सुटते आणि जिथे परतते त्या देशांचा प्रवेश. पुंता अरेनासहून जाऊन उशुआयाला परतणार असाल तर चिली आणि अर्जेंटिना, दोन्हींचे नियम बघा.

विम्यात तीन गोष्टी लेखी तपासा. पॉलिसीत अंटार्क्टिका वगळलेलं नाही ना. आजाऱ्याला हलवण्याचा खर्च किती रकमेपर्यंत : कंपन्या एक लाख ते पाच लाख डॉलरचं संरक्षण मागतात, कारण बोटीवर डॉक्टर आणि लहान दवाखाना असतो, शस्त्रक्रियेची सोय नसते. किंग जॉर्ज बेटापर्यंत परत जाऊन विमानाची वाट बघण्यात दिवस जाऊ शकतात, त्यामुळे आधीपासूनचा आजार विमा कंपनीपासून आणि बोटीच्या वैद्यकीय अर्जात, दोन्हीकडे लपवू नका. तिसरं, सफर रद्द झाली किंवा कापली गेली तर काय मिळतं. रोजच्या औषधांचा साठा एक आठवडा जास्तीचा, आणि तो हातातल्या बॅगेत.

उशुआयाला बोट सुटण्याच्या निदान एक दिवस आधी, शक्य तर दोन दिवस आधी पोहोचा. हरवलेली बॅग मागून समुद्रात पाठवता येत नाही आणि उशीर झालेल्या प्रवाशासाठी बोट थांबत नाही. बोट सकाळी बंदरात परतते त्याच दिवशीचं परतीचं विमान घेणार असाल तर दुपारनंतरचं घ्या. ड्रेकमध्ये वादळ असलं तर ती सकाळ हुकते. दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळत असेल तर तेच काढा.